बेन, तुम्ही मला विचारलंत

नमस्कार बेन,

तुम्हाला मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही हे माहितीये, तरी मराठीतच लिहितेय, कारण मनातलं सगळं इंग्लिशमध्ये लिहायला बसले की ऑफिसला अर्ज केल्यासारखं होतं. तुमची सून बडोद्याची मराठी आहे, ती वाचून दाखवेल. आणि शिवाय मला वाटतं की इथल्या, इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या आपल्या बाकीच्या बायकांनी पण हे वाचावं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेन म्हणजे गुजरातीत ताई, आणि या बेन व्हिसाचा सल्ला देतात.

माझा व्हिसा वाढून आला हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. मेल आला तेव्हा मी शिफ्टवर होते, एका आजींना पॉरिज भरवत होते, त्यामुळे ओरडता पण आलं नाही. आणि संध्याकाळी तुम्हाला फोन लावला तर नुसती रडत बसले, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा माझा व्हिसा संपायला काहीच महिने राहिले होते. कंपनीने रिडन्डन्सी, म्हणजे ती जागाच बंद केली, म्हणून सांगितलं, लॅपटॉप जमा करा, विषय संपला. तो ब्रिटिश पासपोर्टवाला, त्याला कोण घालवणार, पण मी २०२३ मध्ये स्पाउस व्हिसावर, म्हणजे त्याची बायको म्हणून आलेली, आणि त्या व्हिसाचा सगळा डोलारा पगारावर उभा. घरात आम्ही दोघं पगार हा शब्दच टाळायला लागलो होतो.

त्यात तो एजंट भेटला. नाव घेत नाही, लायकी नाही त्याची. आधी फी घेतली आणि मग सांगितलं की आता वर्षाला २९,००० पाउंड उत्पन्न दाखवावं लागतं, तुमच्याकडे शून्य आहे, तर वहिनींना इंडियाला पाठवून द्या, तुम्हाला जॉब लागला की परत अर्ज करू. वर हे पण की बेकारभत्ता घेतलात तर व्हिसा विसराच. मंडळातल्या एका काकांनी तर समजूत घातली की साताऱ्यात काय वाईट आहे, थोडे दिवस आईकडे राहून ये. थोडे दिवस! मी खरंच तिकिटं बघायला लागले होते हो.

मग आम्ही तुमच्याकडे सल्ला मागायला आलो. तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंत की २९,००० ची अट ज्यांनी ११ एप्रिल २०२४ पासून पुढे पहिल्यांदा अर्ज केला त्यांना, आमचा अर्ज आधीचा आणि जोडीदार तोच, त्यामुळे आम्हाला जुनीच १८,६०० ची. आणि मी परत गेले असते, इथला व्हिसा संपला असता आणि तिकडून नव्याने अर्ज केला असता, तर मात्र खरोखर २९,००० लागले असते. म्हणजे हा माणूस आमच्याकडूनच पैसे घेऊन आम्हाला खड्ड्यात घालत होता! नवऱ्याने स्वतःच्या पगारातून कापलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या जोरावर घेतलेला भत्ता पब्लिक फंड्समध्ये, म्हणजे व्हिसाला अडचण करणाऱ्या सरकारी मदतीत, धरतच नाहीत हे पण तुमच्याकडूनच कळलं. आणि हे पण की इथे वकील किंवा रजिस्टर्ड सल्लागार नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे, १९९९ च्या कायद्याने, आणि सल्लागारांचं रजिस्टर कुणालाही ऑनलाइन बघता येतं. बघितलं मी. त्याचं नाव कुठेच नाही.

पण बेन, हे सगळं कायद्याचं झालं, ते कुणा चांगल्या वकिलानेही सांगितलं असतं. मला जे विसरता येत नाहीये ते वेगळंच आहे.

त्या दिवशी तुमच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती. नवरा बसला आणि मी मागे दारापाशी फाइल धरून उभी राहिले, कारण सगळीकडे तसंच व्हायचं. एजंटकडे तसंच, बँकेत तसंच, काकांच्या घरी तर मी आत चहा करत होते आणि बाहेर माझ्याच व्हिसावर चर्चा चालली होती. अर्जदार मी, इंग्लिशची परीक्षा मी दिली, बोटांचे ठसे माझे द्यायचे, आणि बोलायचं सगळ्यांनी नवऱ्याशी. तुम्ही उठलात, शेजारच्या टेबलाची खुर्ची स्वतः ओढून आणलीत, ती नवऱ्याच्या बाजूला नाही तर बरोबर तुमच्यासमोर ठेवलीत, आणि मला विचारलंत, "और बेटा, तुम क्या काम करती हो?"

मी म्हणाले काही नाही, केअर होममध्ये जाते थोडी. तुम्ही विचारलंत थोडी म्हणजे किती तास. तीस. ताशी किती? १२ पाउंड २१. किती दिवसांपासून? वर्ष होऊन गेलं. मग तुम्ही गणित केलं नाहीत, कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात तूच कर, बावन्न आठवडे धर. मी केलं. १९,०४७ पाउंड ६० पेन्स आले. मला वाटलं कुठलंतरी बटण चुकलं, परत केलं, तेवढेच आले. तुम्ही हसलात फक्त. इथे राहून व्हिसा वाढवताना बायकोची स्वतःची इथली कमाई पण धरतात, सहा महिन्यांच्या पेस्लिपा नीट असल्या की झालं, आणि आमच्या बाबतीत ती एकटीच पुरत होती. नवऱ्याचा एक पेनी नसता तरी!

इतक्या लोकांना भेटलो, त्यातल्या एकालाही हा प्रश्न पडला नाही. डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून, म्हटलं की बाई कमावत असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. रात्रीच्या शिफ्टा करून पाठ मोडलेली असते आणि लोक विचारतात, घरी बोअर होत नाही का गं. असो.

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, चल मॅडम, आता तुझ्या पगारावर. किती दिवसांनी हसला तो त्या दिवशी. फी मात्र हसण्यासारखी नव्हती, १,३२१ पाउंड आणि वर एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांचा सरचार्ज २,५८७ पाउंड ५० पेन्स, रिडन्डन्सीचे पैसे त्यातच गेले. पण ते सरकारचं, त्यात तुमचा काय दोष.

तुम्ही एकदा बोलता बोलता सांगितलं होतंत की १९७२ मध्ये युगांडाच्या ईदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा तुम्ही शाळेत होता, आणि याच लेस्टरच्या कौन्सिलने युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका. तरी तुम्ही आलात, आणि आज त्याच गावात लोकांना राहायची वाट दाखवत बसता, ते पण फुकट. मी असते तर मनात अढी धरून बसले असते खरं सांगते. तुमच्यात कडवटपणा कसा नाही हे मला कळत नाही. पैसे घेणारे "बघू, करू" म्हणत राहतात आणि जी बाई एक पैसा घेत नाही ती कागद वाचते, चष्मा पुसून परत वाचते, परत फोन करून विचारते की बँक स्टेटमेंट आलं का. जगात अशी माणसं असतात हे आईने सांगितलं होतं, पण मला वाटायचं तिच्या काळात असतील.

चकल्या पाठवतेय, तिखट जरा जास्त पडलंय, सांभाळून घ्या. आणि एक काम पण आहे. आमच्या केअर होममध्ये एक नायजेरियन मुलगी आहे, नवरा इथलाच, त्याची पण नोकरी गेलीये, तिला पण कुणीतरी परत जा म्हणून सांगितलंय. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येतेय. पेस्लिपा महिन्याप्रमाणे लावून ठेवायला सांगितल्यात, आणि नवऱ्याला बाहेर बसवायचं का ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
केअर होमवाली साताऱ्याची