फाइल समोर दिसतेय आणि तुमचं अ‍ॅप म्हणतंय सापडत नाही, याबद्दल तक्रार

ठाणे, १२ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते, अकरा वर्षं झाली. तुमचं लाँचर (चार अक्षरं मारली की फाइल शोधून उघडून देणारं) अ‍ॅप तीन वर्षं पैसे भरून वापरतेय, वर्षाला २,४०० रुपये, आणि आजपर्यंत एकही तक्रार केली नव्हती, उलट शेजारच्या दोघांना मीच सांगून घ्यायला लावलं. नोव्हेंबरच्या शेवटी तुमचा नवीन अपडेट आला तेव्हापासून सात मेल केले, पाच उत्तरं आली, पाचही वेगवेगळ्या माणसांची, आणि प्रत्येकाने आधीच्याने काय सांगितलं ते न वाचताच लिहिलेलं. म्हणून आता सगळं पहिल्यापासून एकत्र लिहितेय, कृपया पूर्ण वाचा आणि ज्याला यातलं कळतं त्याच्यापर्यंत पोचवा.

आधी माझं काम सांगते म्हणजे तुमचं अ‍ॅप इथे कशाला लागतं ते कळेल. दिवसाला तीस-चाळीस कागद होतात, प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, भाडेकरार, सोसायटीच्या नोटिसा, वारस नोंदीचे अर्ज. पक्षकार समोर उभा असतो, वकिलांचा फोन येतो की ताई तो मागच्या महिन्यातला ड्राफ्ट काढा, नोटरीकडे लाइन लागलेली असते. मी ऑल्ट स्पेस दाबायचे, चार अक्षरं मारायची, एंटर, फाइल समोर. फोल्डरात शिरून शोधत बसायची वेळच यायची नाही. माझ्या सगळ्या फाइलींची नावं मराठीत आहेत कारण कागद मराठीत आहेत आणि माणसं येऊन मराठीतच सांगतात. मी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर शिकलेली, तेव्हा फाइलचं नाव मराठीत देताच यायचं नाही, दिलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, म्हणून सगळ्या फाइली एक नंबर दोन नंबर अशा असायच्या आणि उघडून बघितल्याशिवाय आत काय ते कळायचं नाही. युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षर मराठीच राहतं त्या पद्धतीवर, आल्यावर पहिल्यांदा फाइलचं नाव सरळ वाचता यायला लागलं. ती सोय मला किती मोलाची आहे हे मी शब्दात सांगू शकत नाही.

आता काय झालं ते सांगते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहापूर तालुक्यातले एक काका आले, जमीन तिकडची, बहीण कळव्याला राहते म्हणून कागद ठाण्यात करायचा होता. त्यांचं संमतीपत्र आम्ही आधीच टाइप करून, वाचून, दुरुस्त करून ठेवलेलं, फक्त ५०० च्या स्टॅम्पवर प्रिंट काढून नोटरीकडे न्यायचं होतं. फाइलचं नाव ‘सातबाऱ्यावरील वारस नोंद संमतीपत्र’. मी सातबाऱ्या टाइप केलं, तुमचं अ‍ॅप म्हणे काही सापडलं नाही. परत टाइप केलं, तेच. नुसतं ‘संमतीपत्र’ टाकलं तर दोनशेच्या वर फाइल आल्या. नोटरी साडेबाराला उठणार होते, काकांना परतीची आसनगावची गाडी होती, शेवटी पेन ड्राइव्हवर जुनी कॉपी होती ती काढून घाईत तीच प्रिंट केली. त्या कॉपीत बहिणीचं फक्त माहेरचं नाव होतं. दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये आम्ही ‘ऊर्फ’ लिहून सासरचं नाव जोडलं होतं कारण तिच्या आधार कार्डावर सासरचं नाव आहे. आठ दिवसांनी तलाठ्यांनी कागद परत पाठवला. काका पुन्हा लोकलने आले, बहिणीचा कामाचा एक दिवस बुडाला, नवीन स्टॅम्प आणि नोटरीचे पैसे मी माझ्या खिशातून भरले कारण चूक माझ्या टेबलावर झाली होती. काका काही बोलले नाहीत, पण सत्तरीच्या माणसाला माझ्यामुळे दोनदा हेलपाटा पडला हे मला अजून लागतंय.

त्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी फोल्डर उघडून बघितलं तर फाइल तिथेच होती. नाव तेच, एक मात्राही इकडची तिकडे नाही.

तुमच्या सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर आलं की इंडेक्स, म्हणजे शोधण्यासाठी ठेवलेली फाइलींच्या नावांची यादी, नव्याने बनवा. बनवला, पाऊण तास लागला, काही फरक नाही. दुसरं उत्तर, दुसरं कुठलं तरी अ‍ॅप तीच शॉर्टकट की वापरत असेल, सगळं बंद करून बघा. मी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं की ती शॉर्टकट की व्यवस्थित चालते, खिडकी उघडते, शोधताना सापडत नाही एवढंच. तिसरं उत्तर, तुमचं विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मला माहीत आहे, माझा कॉम्प्युटर सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचा आहे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून मी मायक्रोसॉफ्टचे वर्षभराचे सिक्युरिटी अपडेट घेतलेत आणि नवीन मशीनसाठी पैसे जमवतेय, पण तुमच्याच डाउनलोडच्या पानावर आजही विंडोज १० चालेल असं लिहिलंय, मग ते कारण मला कसं सांगता.

चौथं उत्तर सगळ्यात वाईट, त्याबद्दल खाली लिहिते. आधी बिघाड नेमका काय आहे ते सांगते कारण तो आम्ही शोधलाय, तुमच्याकडून कोणी शोधला नाही.

माझी भाची नेरूळला इंजिनिअरिंगला आहे, ती रविवारी आली होती. तिने बघितलं की ‘प्रतिज्ञापत्र’ सापडतं, ‘भाडेकरार’ सापडतं, पण ‘दुसऱ्या मजल्याचा’, ‘शेतकऱ्याचा दाखला’, ‘पायऱ्या दुरुस्ती नोटीस’ यातलं काही सापडतं आणि काही नाही. न सापडणाऱ्या सगळ्या फाइली माझ्या मदतनीस मुलीने टाइप केलेल्या निघाल्या. मी इनस्क्रिप्ट या सरकारी मराठी कीबोर्डवर टाइप करते, शिफ्ट धरून र ची की दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग पाय मोडायचा आणि य. ती मुलगी फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून, टाइप करते, तिच्याकडे साधा र, पाय मोडलेला, मग एक न दिसणारं अक्षर ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. दोन्हीकडे स्क्रीनवर तोच आडव्या रेघेचा अर्धा र दिसतो, प्रिंटमध्ये तोच दिसतो, जगातल्या कुठल्याही माणसाला फरक सांगता येणार नाही. पण कॉम्प्युटरच्या आत ती दोन वेगळी नावं आहेत. भाचीने माझ्यासमोर डेस्कटॉपवर एक नवीन फोल्डर केलं, त्यात ‘पायऱ्या’ नावाची एक फाइल केली, मग दुसऱ्या पद्धतीने टाइप करून परत ‘पायऱ्या’ नावाचीच दुसरी फाइल केली, आणि विंडोजने मुकाट्याने करू दिली, एकाखाली एक दोन ‘पायऱ्या’. मी खुर्ची पुढे ओढून चष्मा लावून बघत होते, दोन्ही अगदी सारख्या. तुमच्या अ‍ॅपमध्ये मी टाइप केलं की वरची सापडते, मुलीच्या कीबोर्डने टाइप केलं की खालची.

मग तिने तिच्या लॅपटॉपवर तुमचं अपडेटच्या आधीचं व्हर्जन होतं त्यात तेच फोल्डर टाकून बघितलं. कसंही टाइप करा, दोन्ही फाइल येतात. म्हणजे आधी तुम्ही हे बरोबर करत होता आणि नवीन अपडेटमध्ये मोडलंत. माझ्या फाइलींचा, माझ्या विंडोजचा किंवा माझ्या मशीनच्या वयाचा याच्याशी काही संबंध नाही.

हे सगळं मी तुम्हाला सहाव्या मेलमध्ये लिहून पाठवलं तर पाचवं उत्तर आलं की फाइलची नावं इंग्रजीत ठेवा, किंवा अर्ध्या र च्या जागी साधं र्य लिहा. हे ज्याने लिहिलं त्याला मराठी येत नसेल तर माझी तक्रार नाही, पण मग येणाऱ्याला विचारायचं होतं. आचार्यांना दिलेले पैसे आणि आचाऱ्यांना दिलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लग्नाच्या हॉलच्या बिलात त्याने गोंधळ होतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. मी कागद टाइप करणारी बाई आहे, माझ्याकडे चुकीचं लिहिलेलं अक्षर पुढे सरकारी दप्तरात जातं. अ‍ॅपच्या सोयीसाठी मी अक्षर चुकीचं लिहिणार नाही.

आता ते चौथं उत्तर. तुमच्या माणसाने लिहिलं की अ‍ॅप अनइन्स्टॉल करा, अ‍ॅपडेटामधलं आमचं फोल्डर पूर्ण डिलीट करा, मग नव्याने टाका. मी अक्षरशः एकेक पायरी वाचत तसंच केलं. नव्याने उघडलं तर माझे सगळे स्निपेट, म्हणजे साठवून ठेवलेले तयार मजकूर, गेलेले. १४० स्निपेट होते. ‘मी खाली सही करणार’ पासून ‘वरील मजकूर मी वाचला असून तो माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ पर्यंतचे परिच्छेद, जमीन-घराच्या कागदात नेहमी लागणाऱ्या चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दी), सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीचे तीन नमुने, एकेका वकिलांना हवी तशी वेगळी मांडणी. ऑक्टोबर २०२४ ला १०० चा स्टॅम्प जाऊन ५०० चा आला तेव्हा दोन रात्री जागून प्रत्येकातली रक्कम मीच बदलली होती. तीन वर्षांचं हाताने जमवलेलं काम, ते त्याच फोल्डरमध्ये असतं हे त्या मेलमध्ये एका ओळीनेही लिहिलं नव्हतं. आधी एक्स्पोर्ट करून घ्या एवढं म्हणाला असता तरी मी केलं असतं, दोन मिनिटांचं काम. नंतर विचारलं तर सांगितलं की लोकल डेटा परत आणता येत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. पहिलं म्हणजे हा बिघाड तुमचा आहे हे लेखी मान्य करा आणि दुरुस्त करा. दुरुस्त करताना भाचीने एक गोष्ट मुद्दाम सांगितलीय ती तुमच्या प्रोग्रॅमरला द्या, तो न दिसणारा जॉइनर नुसता गाळून टाकू नका, तसं केलं तर दऱ्या शोधताना दर्या येईल. र, पाय आणि जॉइनर हे तिन्ही मिळून ऱ आणि पाय यांच्या बरोबरीचे धरायचे, शोधतानाही आणि इंडेक्स करतानाही. दुरुस्ती होईपर्यंत मला जुनं व्हर्जन परत टाकायची लिंक द्या, कारण ते चालतं हे आम्ही बघितलंय. चालू वर्षाचे २,४०० रुपये परत करा आणि त्या दिवशीच्या स्टॅम्प आणि नोटरीचे माझे ६५० रुपये द्या, पावत्या आहेत. स्निपेटची भरपाई पैशात कशी होते मला माहीत नाही, तुम्हीच सांगा, पण निदान यापुढे कोणालाही ते फोल्डर डिलीट करायला सांगताना पहिल्या ओळीत एक्स्पोर्ट करा असं लिहा, हे माझ्याइतकंच तुमच्या पुढच्या ग्राहकासाठी मागतेय.

कायद्याचं बोलायची मला हौस नाही पण दिवसभर वकिलांच्यात बसते म्हणून माहीत आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते स्पष्ट आहे आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यावं लागतं. महिन्याभरात काही झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करेन आणि ग्राहक आयोगात अर्ज करेन, तो अर्ज मला दुसऱ्या कोणाकडून टाइप करून घ्यावा लागणार नाही.

सोबत दोन ‘पायऱ्या’ झिप करून जोडल्यात, दोन्ही व्हर्जनचे स्क्रीनशॉट आहेत, पावत्या आहेत आणि तुमचे पाचही मेल तारखेप्रमाणे लावलेत. त्या दोन फाइलींची नावं कृपया कोणी बदलू नका किंवा पुन्हा टाइप करू नका, तसं केलंत तर फरक निघून जाईल आणि मग तुमचा माणूस म्हणेल की इथे तर सगळं नीट चालतंय.

फोन करायचा असेल तर दुपारी दोननंतर करा, सकाळी टेबलावर गर्दी असते.

आपली ग्राहक,
कोर्ट नाका, ठाणे