डॉक्टर मॅडम, तुम्ही थांबलात म्हणून

डॉक्टर मॅडम नमस्कार, मी मंगळवारचा खालच्या उजव्या दाढेवाला पेशंट, खुर्चीत बसायच्या आधी दोनदा बाथरूमला जाऊन आलेला. तोंडात कापूस होता म्हणून त्या दिवशी नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात दाढ काढली होती. गाल टम्म सुजलेला असताना इंजेक्शन दिलं आणि लगेच पकड घातली. मी ओरडतोय आणि ते म्हणतायत, अहो एवढे मोठे मिशीवाले तुम्ही, लहान पोरासारखं काय करता! तेव्हापासून दुखलं की गोळी खायची आणि डाव्या बाजूने चावायचं, बस. आत पू असला की भूल नीट चढत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं, म्हणून तर तुम्ही आधी पाच दिवस गोळ्या देऊन परत बोलावलंत.

आणि तुम्ही 'काहीच कळणार नाही' असली थाप मारली नाहीत. दाब जाणवेल, ओढल्यासारखं होईल, कटकट आवाज थेट कानात येईल, पण दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. खरं सांगू का, पहिल्यांदा हात वर केला तेव्हा काही दुखत नव्हतं, मी नुसतं बघत होतो. तुम्ही पकड ट्रेमध्ये ठेवलीत आणि माझ्याकडे बघत बसलात, घाई नाही, कपाळाला आठी नाही, बाहेर सात-आठ पेशंट खोळंबलेले. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते दाढेमुळे नव्हतं. दुसऱ्यांदा खरंच दुखलं तर अजून थोडी भूल दिलीत.

मी एसटीत कंडक्टर आहे. आमच्यात सिंगल बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. बेल ऐकून गाडी थांबवणारा ड्रायव्हर मिळाला की ड्युटी सुखाची जाते, आणि अशी माणसं कमीच भेटतात हो, ऑफिसात काय नि दवाखान्यात काय.

बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसंच. ओठ तीन तास बधिर, चहा मिशीवरून शर्टावर. चोवीस तास थुंकलो नाही, चूळ नाही, स्ट्रॉ नाही, रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडून ठणका लागतो म्हणालात ते डोक्यात बसलंय. दुसऱ्या दिवशी सूज जास्त होती, आता उतरलीय. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. मावा पण बंद आहे, बायको देव मानायला लागलीय तुम्हाला. फक्त रविवारी सगळे तांबडा रस्सा ओरपत होते आणि मी ताकभात, ते दुःख वेगळं.

परवा टाके काढायला येतोय. वरची एक पण किडलीय, ती तुम्हीच काढा. आणि हात वर केला तर थांबा, पहिल्यांदा बहुतेक चेकच करत असेन.