भाताच्या बांधावर दिलेली सुई

आदरणीय नर्सबाई,

तुमचं नाव आईला आठवत नाही. वाडीत सगळे तुम्हाला नर्सबाईच म्हणायचे, म्हणून मीही तसंच लिहिते.

१९८६चा पावसाळा. जुन्नरच्या पश्चिमेला आमची वाडी, भातलावणी ऐन भरात. आई माझ्या वेळेची पोटुशी. धनुर्वाताची पहिली सुई तिनं घेतली होती, दुसरीच्या दिवशी मात्र उपकेंद्रावर गेली नाही. लावणी टाकून कोण जाणार? मग तुम्हीच बर्फाची पेटी खांद्याला लावून बांधावर आलात. तिचा दंड चिखलानं माखलेला. तुम्ही तो आपल्या बाटलीतल्या पाण्यानं धुतलात, स्पिरिटचा बोळा फिरवलात आणि सुई दिलीत.

माझ्या आधीचा भाऊ आठव्या दिवशी गेला होता. चांगला रडणारा, अंगावर पिणारा. सहाव्या दिवशी दूध ओढेना, मग तोंडच उघडेना. नुसता हात लागला तरी अंग धनुष्यासारखं ताणायचं. सटवीनं नेलं, असं घरात म्हणाले. नाळ विळ्यानं कापलेली, वर गोवरीची राख. या रोगाचे जंतू माती-शेणात असतात आणि बेंबीच्या ओल्या जखमेतून शिरतात, हे आजीला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. तेही सुईणीसमोर, पण तिला एका शब्दानं न दुखवता! उलट नवं ब्लेड आणि दोरा तिच्याच हातात दिलात, उकळून घ्यायचं आणि नाळेला काहीही लावायचं नाही हे समजावलंत. याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. माझी नाळ त्याच सुईणीनं कापली, तुम्ही दिलेल्या ब्लेडनं.

आईच्या दंडात टोचलेल्या लशीची ताकद वारेतून बाळापर्यंत जाते, हे मी खूप उशिरा वाचलं. १९८८ साली जगात सुमारे ७ लाख ८७ हजार तान्ही बाळं या रोगानं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या आकड्यात मला माझा भाऊच दिसतो. २०१५ साली भारतानं या रोगाचं निर्मूलन केल्याचं जाहीर झालं: प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला लागण. जंतू मातीत आहेतच, त्यामुळे सुई आजही प्रत्येक गरोदर बाईला लागते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आई तारखा माझ्याआधी मोजून बसायची.

नर्सबाई, तुमचे मनापासून आभार. आई सांगते, त्या दिवशी तुम्ही चहालाही थांबला नाहीत. पुढच्या वाडीतल्या तिघी राहिल्या होत्या.

तुमची,
लावणीच्या बांधावरच्या बाईची मुलगी