चाळिशीनंतरची सायकल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीला आठवीत सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. दहावी झाली, कॉलेजला बस सुरू झाली आणि सायकल पडवीत संकेश्वरी मिरचीच्या पोत्यांमागे गेली. यंदा दिवाळीनंतर ती बाहेर काढली. चेन गंजलेली, दोन्ही ट्यूब गेलेल्या. शहापुरातल्या मिस्त्रीने सगळं नीट करून दिलं आणि विचारलं, "चालवणार कोण, वहिनी?" म्हटलं, मीच. वय ४४.

आता पहाटे येळ्ळूरच्या रस्त्याला लागले की कोणीतरी हटकतंच, "काय गे, या वयात कसली सायकल?"

त्यांना मी नेदरलँड्सची सायकलपटू आनेमीक फान फ्ल्यूटेन हिची गोष्ट सांगते. गुडघा दुखावला, फुटबॉल सुटलं, म्हणून ती सायकलीवर बसली. व्यावसायिक झाली तेव्हा पंचविशीत होती. आपल्याकडे या वयात बाईची सायकल सुटून दहा वर्षं झालेली असतात. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सगळ्यांच्या पुढे असताना उतारावर आपटली, मणक्याला तीन ठिकाणी चिरा. टोकियोत तर फजितीच झाली. जिंकलो समजून तिने रेषेवर हात उंचावले, पण ऑस्ट्रियाची गणितज्ञ आना कीसनहोफर आधीच पोचून बसली होती! संघाकडून खबर देणारा रेडिओ त्या शर्यतीत कानात नव्हता, पुढे कोणी आहे हे हिला कळलंच नाही. त्यानंतर तीनच दिवसांत टाइम ट्रायलचं (एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीचं) सुवर्ण मात्र तिने घेतलं.

मला सगळ्यात आवडतं ते २०२२ साल. वय ३९. महिलांच्या टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या शर्यतीच्या सुरुवातीलाच पोट बिघडलेलं, तरी शेवटचे दोन्ही डोंगरी टप्पे मारून टूर जिंकली. सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धेत कोपराचं हाड मोडलेलं असताना शेवटच्या किलोमीटरला सगळ्यांना मागे टाकून जगज्जेती झाली. २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा चाळिशी उलटत होती.

आमच्या घरी येणाऱ्या पेपरात तिच्या निवृत्तीची एक ओळही मला दिसली नव्हती. क्रिकेटचं काय, सरावात कोणाचा अंगठा दुखावला तरी चौकट येते. रविवारच्या पुरवणीत अशा बायकांना अर्धा रकाना तरी द्या. आणि रविवारी सकाळी दोन तास राजहंसगडाचा चढ मोटारींना बंद ठेवता येईल का, हेही संबंधितांना विचारा. वळणावर समोरून गाडी आली की आम्हाला उतरून कडेला उभं राहावं लागतं.

तसं शेवटच्या वळणाला मी अजून उतरतेच, पण ते दमामुळे.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव