हिरव्या डब्यातला हिरवा उजेड

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. क्षार ओळखायची आमची जुनी रीत म्हणजे प्लॅटिनमची तार क्षारात बुडवून बर्नरच्या ज्योतीत धरायची. ज्योत किरमिजी झाली की स्ट्रॉन्शियम, पिवळीधमक झाली की सोडियम आणि कोवळ्या सफरचंदासारखी हिरवी झाली की बेरियम. मागच्या दिवाळीत नातीने गच्चीवर भुईनळा लावला आणि तोच हिरवा उजेड भिंतीवर पडला. डब्यावर ‘हरित फटाका’, म्हणजे कमी प्रदूषण करणारा, असं छापलेलं होतं.

तांब्याच्या क्षारांनी, बोरिक आम्लानेही ज्योत हिरवी होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून यात बंदी असलेलं बेरियमच आहे असा आरोप करत नाही, विचारतो आहे. डब्यावर किंमत होती, चित्र होतं, क्यूआर कोडही होता. आत काय भरलंय, तेवढं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१७ रोजी फटाक्यांत अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसं वापरायला बंदी केली. २०१८ मध्ये बेरियमच्या क्षारांवरही बंदी आली. हरित फटाक्यांत तरी बेरियम चालू द्या, ही मागणीही न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

लोकांना भीती सुतळी बॉम्बची. पण बेरियम नायट्रेटचं जुनं घर म्हणजे फुलबाजी, तीही साधी पांढरी. ते ऑक्सिजन पुरवतं, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा कीस पेटतो, म्हणून तर ठिणग्यांची फुलं पडतात. आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात आपण फुलबाजीच देतो! तोंडापासून हातभर अंतरावर धूर, आणि त्याच हाताने मग चकली.

पोटाच्या एक्स-रेआधी बेरियम पाजतात, मग भीती कसली, असं कुणी म्हणेल. ते बेरियम सल्फेट, पाण्यात विरघळत नाही म्हणून निरुपद्रवी. नायट्रेट विरघळतं. विरघळलेलं बेरियम स्नायूंवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारायला वापरत. शिवकाशीतल्या फटाक्यांच्या कारखान्यांत ही पूड रोज हाताळणाऱ्यांचं काय होत असेल, तो वेगळा विषय आहे.

बरं, धातू जळून नाहीसा होत नाही. रूप बदलतो, राखेत बसतो. तलावपाळीवर उडवलेल्या फटाक्यांची राख मासुंदा तलावात जाणार नाही तर कुठे जाईल? हवेच्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत. शिसं, आर्सेनिक, निकेल त्यात आहेत, बेरियम नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हवेचा निर्देशांक कितीही दाखवो, त्यात ते दिसायचं नाही.

फटाक्यांच्या आवाजाच्या चाचण्या होतात, डेसिबलचे आकडे पेपरात येतात. तसंच धातूंचं करा. दसऱ्यानंतर कुणालाही न कळवता जांभळी नाक्यावरून, कोपरीतून, वाशीतून गिऱ्हाइकासारखे डबे विकत घ्या. कारखान्याने पाठवलेले नमुने नकोत. फुलबाज्या आधी तपासा. निकाल ब्रँडच्या नावासकट वसुबारसेच्या आत जाहीर करा, म्हणजे आम्हाला काय घ्यायचं ते ठरवता येईल. दोषी डबे सापडले तर विक्रेत्याच्या मागे लागण्याआधी माल कुठून आला ते शोधा.

त्या डब्यातले दोन भुईनळे आणि फुलबाज्यांचा एक पुडा मी बाजूला काढून ठेवला आहे. तपासायला हवे असतील तर माणूस पाठवा, देतो. पावती मात्र नाही. मागितली तेव्हा दुकानदार हसला होता.

आपला,
नौपाड्यातील एक निवृत्त शिक्षक