ताई, तुझी सीलबंद पिशवी किती वेळा उघडली त्याचा हा हिशोब

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालं होतं, पण तेव्हा मी दोन रात्रींच्या जागरणाने अर्धवट झोपेत होतो आणि तू पण घाईत होतीस. म्हणून म्हटलं नीट बसून लिहावं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं, कारण तू त्या दिवशी चार तास माझ्याबरोबर जमिनीवर बसून इमर्जन्सी बॅग कशी भरायची हे जे दाखवलंस ते अजून कोणाच्या कामाला आलं तर चांगलंच आहे ना. नाव घालत नाही, तुला आवडणार नाही माहितीय.

खरं सांगू का, मी तुझ्याकडे आलो होतो ते शाबासकी घ्यायला. इमर्जन्सी बॅग, म्हणजे घर अचानक सोडावं लागलं तर उचलून निघायची बॅग, तयार, महिनाभर व्हिडिओ बघून बघून भरलेली, आता फक्त लेकीला घेऊन दोन रात्री टेस्ट कॅम्पिंग करायचं आणि बॅग कपाटात ठेवून द्यायची असा प्लॅन. तू बॅगेला हात पण नाही लावलास, आधी वजनकाटा काढलास. साडेसतरा किलो! आणि मी ६४ किलोचा माणूस. पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको म्हणालीस, म्हणजे माझ्यासाठी पावणेतेरा किलो, तेही पाण्यासकट. मी म्हटलं थोडंच तर जास्त आहे, तर तू म्हणालीस चल पाठीवर घे आणि जिना दोनदा चढून उतरून ये. दुसऱ्या फेरीत मी काही बोलायच्या अवस्थेत नव्हतो, आणि तू खाली चादर अंथरून तयारच बसली होतीस.

मग स्टोव्ह. मला वाटलं तू यादी मागशील, तू म्हणालीस बाहेर अंगणात जा आणि अर्धा लिटर पाणी उकळून दाखव. आणि ताई तुला आठवतंय ना, स्टोव्ह सिलिंडरला बसेचना! स्टोव्ह आट्यांचा, म्हणजे फिरवून बसवायचा, आणि सिलिंडर मी आणलेला तो लांबुळका, खटकन दाबून बसवायचा. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घेतलेले, दोन्ही नवेकोरे, आणि एकदाही एकमेकांना लावून बघितले नव्हते. नवीन सिलिंडर आणायला तूच मला पाठवलंस आणि जाताना सांगितलंस की नुसत्या ब्युटेनचा आणू नको, दुसरा गॅस मिसळलेला मिक्स बघ, कारण ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की गॅस व्हायचंच थांबतं, भरलेला डबा हातात आणि जाळ नाही अशी गत होते. मी हे तोपर्यंत कधी वाचलंच नव्हतं, मी डब्याचा रंग बघून घेतला होता.

खाण्याचं तर विचारूच नको. माझ्या बॅगेत सहा डबाबंद कडधान्यं होती, कारण टिकतात. तू एक डबा हातात घेऊन मागचा बारीक मजकूर वाचायला लावलास, १०० ग्रॅमला शंभरच्या आसपास कॅलरी, बाकी सगळं पाणी आणि पत्रा. आणि शेजारी शेंगदाण्याचं पाकीट, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. फॅटमध्ये ग्रॅमला ९ कॅलरी आणि पिठूळ-गोड पदार्थांत ४ हे शाळेत शिकलो होतो की, पण ते पाठीवरच्या वजनाशी जोडून कधी बघितलंच नव्हतं. आम्हा दोघांचे दिवसाला साधारण ४,००० धरले तर तीन दिवसांचे १२,०००, आणि सरासरी १०० ग्रॅमला ४५० पडतील असं खाणं निवडलं तर सगळं मिळून पावणेतीन किलोच्या आत. काजू-बदाम, पीनट बटर, चॉकलेट, फुल क्रीम दूध पावडर, ओट्स, इन्स्टंट नूडल्स, एवढ्यात काम झालं. डाळ-तांदूळ तू काढून टाकलास, वाईट म्हणून नाही, शिजायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ म्हणजे तेवढा गॅस म्हणून.

पण सगळ्यात भारी प्रश्न तू माझ्या लेकीला विचारलास, यातलं तू घरी काय काय खातेस? तिने त्या महागड्या एनर्जी बार्सकडे बोट दाखवून नाक मुरडलं. मी म्हटलं अगं इमर्जन्सीत भूक लागली की खाईल. तू म्हणालीस घाबरलेलं, दमलेलं पोर नवीन चवीला तोंडच लावत नाही. बार्स मी ऑफिसला नेऊन संपवले, मलाही आवडले नाहीत.

पुठ्ठ्याची खोकी फेकून दिली, पण त्यावरचा बनवायच्या कृतीचा तुकडा कापून पिशवीत घातला, आणि प्रत्येक दिवसाचं खाणं वेगळ्या पिशवीत, वर मार्करने दिवस आणि एक्स्पायरीची तारीख. मला हे जरा अतीच वाटलं होतं. पहिल्या संध्याकाळीच कळलं का ते, चालून आल्यावर आम्ही दोघं इतके भुकेले होतो की सगळं एकत्र असतं तर दुसऱ्या दिवसाचं चॉकलेट पण त्याच रात्री गेलं असतं.

आणि मग ती सीलबंद पिशवी. ताई, खरं तर हे पत्र त्या पिशवीसाठीच आहे. मी आपला दोन बॅगा न्यायचं म्हणत होतो, एक इमर्जन्सीची आणि एक नेहमीच्या कॅम्पिंगची, म्हणजे त्रास नको. तू म्हणालीस दुसरी बॅग ने, अवश्य ने, पोर बरोबर आहे, पण तोंड टेपने बंद करून ने आणि टेप फाडलीस की प्रत्येक वेळी चिठ्ठीवर लिही, किती वाजता, काय काढलं, का काढलं. टेपचा रोल पण दिलास. मला हसू आलं होतं.

तर हा घे हिशोब, पाच वेळा उघडली.

पहिल्यांदा संध्याकाळी सात वाजता, मोठ्या भांड्यासाठी. माझं भांडं अर्ध्या लिटरचं, त्यात दोघांचे नूडल्स करायला गेलो आणि सगळं उतू जाऊन स्टोव्हवर. त्याच वेळी दुसरी गोष्ट लक्षात आली, की माझं सगळं हलकं हलकं खाणं म्हणजे पाणी पिणारं खाणं. नूडल्सला पाणी, ओट्सला पाणी, दूध पावडरला पाणी. तीन लिटर नेलं होतं, रात्री झोपताना सव्वा लिटर उरलं. प्यायच्या पाण्याचा हिशोब केला होता, शिजवायच्या पाण्याचा केलाच नव्हता.

दुसऱ्यांदा रात्री दोन वाजता, तुझ्या फोम मॅटसाठी. सात डिग्री होतं बाहेर, म्हणजे काही भयंकर नाही, आणि माझ्या स्लीपिंग बॅगवर तर मायनस पाच लिहिलेलं होतं. नंतर टॉर्चच्या उजेडात लेबल नीट बघितलं तर मायनस पाच हा एक्स्ट्रीमचा आकडा, म्हणजे जेमतेम जीव वाचेल अशी शेवटची हद्द, तीही धोक्याचीच, झोप लागेल असं कोणी म्हटलेलंच नाही, त्यासाठी कम्फर्टचा आकडा बघायचा असतो आणि तो बराच वर होता. आणि थंडी वरून नव्हतीच येत, खालून येत होती. अंगाखाली बॅगेचा कापूस दाबला गेला की त्यातली हवा जाते आणि ऊब पण जाते, जमीन सगळी उष्णता ओढून घेते. चमचमता इमर्जन्सी ब्लँकेट पांघरून बघितला, तर एक तर कुरकुर कुरकुर आवाज, आणि थोड्याच वेळात आतून सगळा ओला, आपल्याच घामाच्या वाफेने. मॅट घातली आणि दहा मिनिटांत झोपलो. लेकीला तू आधीच तिची मॅट बांधून दिली होतीस, ती बाईसाहेब सकाळपर्यंत हललीसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा सकाळी, माझ्या चष्म्यासाठी. हे मात्र तुलासुद्धा सुचलं नव्हतं हं! ओढ्याचं पाणी तू सांगितलं तसं आधी कपड्याने गाळलं, मग फिल्टरने, मग क्लोरीनची गोळी, कारण हे पोकळ धाग्यांचे फिल्टर बॅक्टेरिया अडवतात पण व्हायरस त्याहून खूप लहान. गोळीच्या पाकिटावर एका गोळीला किती लिटर आणि किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि वाचायचा चष्मा दुसऱ्या बॅगेत. लेकीने वाचून दाखवलं, पण ती बरोबर नसती तर? शेवटी काय, उकळलं असतं म्हणा, खळखळून एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर असू तर तीन मिनिटं, हे तू पाठ करून घेतलं होतंस. पण गॅस संपला असता तर मी आंधळाच. आता जुना चष्मा बॅगेच्या वरच्या कप्प्यात कायमचा आहे.

चौथ्यांदा लेकीचे कोरडे मोजे, ती ओढ्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाचव्यांदा मीठ.

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस आला, फार नाही, रिमझिम, पण बरोबर स्वयंपाकाच्या वेळी. लेक म्हणाली बाबा स्टोव्ह तंबूत घेऊया ना. आणि खरं सांगतो, एक क्षण मी पण उचलायला वाकलो होतो. तुझा तो आवाज कानात आला, "तंबूत स्टोव्ह नाही म्हणजे नाही, दार उघडं ठेवून पण नाही", कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठतच नाही. आम्ही ताडपत्री बांधली, चारी बाजूंनी मोकळी, आणि तिच्याखाली उभ्याने सूप केलं. ताडपत्री बॅगेत सगळ्यात वर होती म्हणून दोन मिनिटांत निघाली, माझ्या आधीच्या पॅकिंगमध्ये ती तळाशी होती, स्लीपिंग बॅगच्या पण खाली. आणि आत तू जी मोठी जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लावायला सांगितली होतीस, तिच्यामुळे कपडे कोरडे राहिले, वरचं रेन कव्हर तर पाठीच्या बाजूने गळतंच.

आता न वापरलेल्या वस्तू. मोठा सुरा, चकमक, मासे पकडायचं किट, वीस मीटर दोरीतली पंधरा मीटर. कंपास पण, कारण मला तो वापरता येत नाही हे मी तुला सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर मी उत्साहात न वापरलेलं सगळं बाहेर काढायला लागलो, आणि फर्स्ट एड बॉक्सपण त्या ढिगात टाकला, तेव्हा फोनवर तू ओरडलीस ते बरं झालं. फर्स्ट एड, शिट्टी, लेकीची तापाची औषधं, ओआरएसची पाकिटं, हे न वापरता परत आलं यात आनंदच आहे, ते राहिलं. सुरा आणि मासे पकडायचं किट गेलं. कंपास ठेवलाय, पण तू शिकवायला येणार असशील तरच.

पॉवर बँकेने पण फसवलं. १०,००० एमएएच, फोन ५,००० चा, मी म्हटलं दोन वेळा फुल चार्ज. जेमतेम सव्वा वेळा झाला. कारण तो आकडा आतल्या सेलच्या कमी व्होल्टेजला मोजलेला असतो, बाहेर पाच व्होल्ट करताना आणि गरम होण्यात बराच जातो. आणि दुसऱ्या रात्री फोन बंद पडल्यावर लेकीने सहज विचारलं, आईला फोन करायचा झाला तर कसा करायचा? ताई, मला माझ्या बायकोचा नंबर पाठ नाही. बारा वर्षं झाली लग्नाला! कागदपत्रांच्या झेरॉक्स, सुट्टे पैसे, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं तू प्लॅस्टिकमध्ये बांधून दिलं होतंस, आणि मला विचारलं पण होतंस, नंबर कागदावर लिहिलेस का, आणि मी हो म्हणालो होतो. खोटं बोललो होतो. सॉरी. आता लिहिलेत, तुझा पण आहे, तिसरा.

नवीन वजन बारा किलो दोनशे ग्रॅम, तीन लिटर पाणी धरून. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवलेत, लिथियमवाले. कॅलेंडरवर दर सहा महिन्यांनी बॅग उघडायची खूण केलीय, खाणं संपवायचं, नवीन भरायचं आणि लेकीचे कपडे आणि बूट बदलायचे कारण ती थांबतच नाही वाढायची. पुढची टेस्ट थंडी वाढल्यावर, या वेळी बायको पण येणार म्हणतेय, म्हणजे सगळे हिशोब तीन जणांचे नव्याने करावे लागणार, आणि चादर परत तुझ्याच घरी अंथरावी लागणार असं दिसतंय.

तुझी फोम मॅट धुऊन वाळवून ठेवलीय. परत द्यायला येणारच होतो, पण लेकीने तिच्यावर मार्करने स्वतःचं नाव लिहून टाकलंय, तेव्हा तुला नवीन आणतो. टेपचा रोल मात्र अर्धा उरलाय, तो सीलबंद पिशवीतच आहे.

तुझाच,
जिना दोनदा चढलेला भाऊ