बापूला, लीड्सहून

प्रिय बापू,

सलाम. हे पत्र आई-पप्पांना वाचून दाखवलंस तरी चालेल, फक्त खालचं बांधाचं तेवढं आधी तू एकट्यानं वाच. माझं इथं बरं चाललंय, नाइट ड्युटी संपली एकदाची.

फोनवर तू म्हणलास की ताई, रोज बायबल वाचायलोय पण आतमधी काही लागतच नाही. त्याचं उत्तर फोनवर देता येईना म्हणून लिहायलेय.

पेरणाऱ्याचा दाखला आपल्याला संडेस्कूलपासून पाठ, मत्तय 13, बी म्हणजे देवाचं वचन, वाटेवर पडलेलं पाखरं खातात, चांगल्या जमिनीतलं तीसपट साठपट शंभरपट येतं. अन् आपण धरूनच चालतो की वाटेवरची जमीन म्हणजे बाहेरचे, न मानणारे लोक, आपण ख्रिस्ती घरातले म्हणजे चांगल्या जमिनीतच जन्मलो. मला ते आता पटत नाही. आपल्या शेताजवळची पांद बघ ना, माती तीच काळी, शेजारी सोयाबीन येतं तीच, पण गाड्या अन् ट्रॅक्टर जाऊन जाऊन अशी दबलीय की मृगाचं पाणी पण वरच्या वर वाहून जातं. पिढ्यान् पिढ्या चर्चमधी बसणाऱ्याचं हेच होतं. वचन इतक्यांदा वरून गेलंय की पहिले दोन शब्द ऐकले की बाकीचं आपणच पुरं करतो.

रेव्ह. नारायण शेषाद्री, जालन्याजवळ बेथेल वसवणारे, ब्राह्मण घरातले, 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले, त्यांना एकेक वचन केवढ्याला पडलं असेल! आपल्याला ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या फोटोवर छापून येतं अन् आपण न वाचताच पुढं ढकलतो.

मग करायचं काय, तर होशेय 10 मधी सांगितलंय, पडीत जमीन नांगरा. मी एका वेळी थोडंच वाचते, मोठ्यानं, मराठीतच, अन् जे वाचून बरं वाटलं त्याच्यावर खूण करत नाही, जिथं चिडचिड झाली किंवा 'हे त्या अमक्याला ऐकवायला पाहिजे' असं वाटलं तिथं पेन्सिलीनं रेघ मारते, अन् दुसऱ्या दिवशी परत तिथूनच चालू. दावीद राजाचं तेच झालं की, 2 शमुवेल 12, दुसऱ्याची बायको घेतली होती त्यानं. नाथान संदेष्ट्यानं श्रीमंतानं गरिबाची एकुलती कोकरी हिसकावल्याची गोष्ट सांगितली, दावीद कसला तापला, तो माणूस मरायच्या लायकीचा म्हणला, अन् नाथान म्हणाला तो माणूस तूच. एवढं तोंडावर ऐकून पण राजानं त्याला हाकलला नाही, मी पाप केलं म्हणला. आपल्याकडं पाळकसाहेब रागावर बोलायला लागले की निम्मी मंडळी वळून बघते, ज्याच्यासाठी आहे तो आलाय का नाही. हसू नको, तू पण बघतोस.

मन मऊ पाहिजे म्हणजे कुणीही काहीही सांगावं अन् आपण मान डोलवावी असं नाही. बिरुया गावातले लोक प्रेषित पौलाचं सांगणं सुद्धा रोज शास्त्रात पडताळून बघायचे, अन् प्रेषितांची कृत्ये 17 मधी त्यांचं कौतुकच केलंय. कन्व्हेन्शनच्या सभेत माइकवर जोरात बोललं म्हणून ते वचन होत नाही. अन् हे सगळं आपल्या जोरावर होत नाही ते पण खरं, लुदिया नावाच्या बाईचं मन प्रभूनं उघडलं असं लिहिलंय, तिनं काय केलं तर नदीकाठी प्रार्थनेच्या जागी जाऊन ऐकत बसली. म्हणून वाचायच्या आधी उघडून दे एवढंच माग, लांबण लावू नको.

आता काकांबरोबरच्या बांधाच्या वादाचं. मत्तय 5 मधलं, वेदीजवळ दान आणलं अन् भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे असं आठवलं तर दान तिथंच ठेवून आधी समेट कर, हे आलं की तू किती भरभर पुढं जातोस सांग बरं. मला वाटतं काही लागत नाही म्हणतोस ते इथंच अडलंय. बांध कुणाचा ते मोजणीवाले बघतील, मी काकांची बाजू घेत नाही, त्यांनी बांध नांगराच्या दोन तासांइतका आपल्या रानात सरकवलाय हे मला पण माहितीय. तरी रविवारी चर्च सुटलं की त्यांच्याकडं जा, बांधाचा विषय काढू नको, चहा घे, काकूच्या गुडघ्याचं विचार. सोमवारी परत मत्तय 5 काढून वाच अन् मग मला फोन कर, पण इथं तेव्हा रात्र नसेल हे बघून कर.

तुझी,
ताई